विनाचालक गाडी, कोकणची पोहोच आणि सड्यावरची जमीन

गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत माझी काकी एकटी राहते. वय ७८, दोन्ही मुलगे मुंबईला, आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी चिपळूणला जाणे भाग. आदल्या संध्याकाळी ती रिक्षावाल्याला निरोप धाडते. सकाळी घरापासून पाखाडीने खाली उतरायचे, म्हणजे जांभ्याच्या ८४ पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. मग रिक्षाने नाक्यापर्यंत आणि नाक्यावरून एसटीने चिपळूण. एसटीचे तिकीट तिला पडत नाही, कारण ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. डॉक्टरांकडचे काम पंधरा मिनिटांत उरकते, पण परतीची गाडी दुपारनंतरची असल्यामुळे घर गाठेपर्यंत दिवेलागण होते. रिक्षावाला तिची पिशवी घेऊन पाखाडी चढतो, पडवीत बसून पाणी पितो आणि भाडे कधी त्याच दिवशी, कधी मुलाने मोबाइलवरून पाठवले की घेतो.

चालकाविना धावणाऱ्या गाड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा यंत्राचे कौतुक किंवा अपघाताची भीती असते. ही गाडी आली तर कोण कुठपर्यंत पोहोचू शकेल आणि त्यामुळे कोणत्या जमिनीचे काय होईल, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. कोकणापुरता विचार केला तर मला हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो काकीच्या प्रवासाच्या आधारानेच समजून घेऊ.

वाहतुकीच्या अभ्यासात हालचाल आणि पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. माणूस किती किलोमीटर आणि किती वेगाने जातो, ही झाली हालचाल. ठरावीक वेळात, परवडेल अशा खर्चात आणि सोसेल इतक्या त्रासात त्याला गरजेची किती ठिकाणे गाठता येतात, ती झाली पोहोच. काकीची हालचाल त्या दिवशी भरपूर होते, पण तिची पोहोच तोकडीच राहते; उलट महिन्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर नाक्यावरच्या आरोग्य केंद्रात येऊन बसले, तर तिची हालचाल घटेल आणि पोहोच वाढेल. पोहोचीचा जमिनीशी असलेला संबंध वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली नेमका मांडला. एखाद्या जागेपासून नोकऱ्या, बाजार आणि इतर माणसे जितकी सहज गाठता येतात, तितकी त्या जागेवर वस्ती वाढण्याची शक्यता अधिक, असे त्याच्या मांडणीचे सार आहे. रस्ता येतो, पोहोच वाढते, जमिनीला भाव येतो, घरे उठतात, घरांमुळे वर्दळ वाढते आणि वर्दळीमुळे पुन्हा रस्ता मागितला जातो, असे हे रहाटगाडगे आहे.

कोकणाने हे रहाटगाडगे अनेकदा फिरताना पाहिले आहे. समुद्र हाच हमरस्ता होता तेव्हा दाभोळ हे मोठे बंदर होते आणि जमिनीचे मोल बंदरापासून मोजले जाई. आगबोटींच्या काळात मुंबईहून निघालेला चाकरमानी हर्णै, दाभोळ किंवा जयगडला बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरत असे, आणि त्यामुळे दुकाने, वखारी, खाणावळी धक्क्याच्या आसपास दाटलेल्या असत. पुढे मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, खाड्यांची मुखे टाळून आतल्या बाजूने गेला आणि बाजार बंदरावरून नाक्यांवर सरकला. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला तोही किनाऱ्यापासून आत, डोंगर पोखरत; रत्नागिरीचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर पडले आणि मधल्या कुवारबावच्या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या. दर वेळी वाहन बदलले, उतरण्याची जागा बदलली, आणि भाव त्या नव्या जागेच्या मागे गेला. विनाचालक गाडीच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: ती माणसाला नेमकी कुठे उतरवणार?

त्यासाठी ही गाडी काय करू शकते हे थोडे पाहावे लागेल. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. खालच्या पायऱ्यांवर गाडी नुसती मदत करते. म्हणजे पुढच्या वाहनापासून अंतर राखते, पट्ट्यामधून सरकू लागली तर सावरते, पण लक्ष चालकानेच ठेवायचे असते. तिसऱ्या पायरीवर गाडी काही काळ स्वतः चालते, मात्र तिने हाक दिली की माणसाने चाक हाती घ्यायचे. चौथ्या पायरीवर माणसाची गरज उरत नाही, पण केवळ आखून दिलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या हवामानात. पाचवी पायरी म्हणजे कुठेही, केव्हाही, कोणत्याही रस्त्यावर. ती आजवर कोणालाही गाठता आलेली नाही. अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या परिसरात वेमो या कंपनीने २०२० साली चालकाविना टॅक्सी सर्वसामान्यांना खुली केली, ती चौथ्या पायरीवरची आहे. कोरडी हवा, रुंद रस्ते, ठळक पट्टे आणि गल्लीबोळांचा आधीच करून ठेवलेला बारीक नकाशा, अशी ती हद्द. लेझर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र, रडार आणि कॅमेरे मिळून गाडी भोवतालचे चित्र तयार करते, ते नकाशाशी ताडून पाहते आणि अडलीच तर दूर बसलेल्या माणसाकडे इंटरनेटवरून विचारणा करते. एवढी तयारी असूनही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या गाडीखाली सापडलेली पादचारी स्त्री फरफटत गेली आणि त्या कंपनीचा परवाना स्थगित झाला.

आता आमचा नाका ते वाडी हा रस्ता पाहा. जुलै महिना, तीनचा सुमार, वरून धार लागलेली. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, एका अंगाला गडगा आणि दुसऱ्या अंगाला गटार म्हणायचे तो पऱ्या, दरडीवरची तांबडी माती रस्त्यावर पसरलेली, कडेचा पांढरा पट्टा असलाच तर तिच्याखाली. समोरून टेम्पो येतो. दोन्ही वाहने थांबतात. टेम्पोवाला काचेतून हात बाहेर काढून बोटे दोनदा हलवतो, म्हणजे ‘तुझ्या मागे बेड्याजवळ जागा आहे, तू माघार घे’. रिक्षावाला मान डोलावतो, मागे घेतो, बेड्यात, म्हणजे आवाराच्या फाटकात, अर्धी रिक्षा घालून उभा राहतो, आणि टेम्पो पुढे जाताना ‘काकी बरी आहे का रे?’ अशी चौकशीही होऊन जाते. या अर्ध्या मिनिटात ओळख, हक्क, उपकार आणि रस्त्याची माहिती यांची जी देवाणघेवाण होते ती यंत्राला शिकवणे अशक्य नसेल, पण त्याआधी फार सोप्या गोष्टी शिल्लक आहेत. मुसळधार पावसात लेझर किरण विखुरतात, कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडतो, रस्त्यात गुरे बसलेली असतात आणि विचारणा करायला लागणारे नेटवर्क आमच्या उतरणीवर दोन वळणांपुरते गायब असते.

यावरून एक अनुमान निघते आणि माझ्या मते ते पुढच्या सगळ्या विचाराचा पाया आहे. ही गाडी कोकणात आलीच तर ती एकदम सगळीकडे येणार नाही. ती प्रथम चौपदरी महामार्गावर चालेल, जिथे दुभाजक आहे, पट्टे आहेत आणि नेटवर्क आहे. तिची हद्द नाक्यावर संपेल. पुढचे दहा-पंधरा किलोमीटर पुन्हा रिक्षा, वडाप किंवा एसटी, आणि त्याच्याही पुढे पाखाडी. म्हणजे पहिल्या टप्प्यात पोहोच वाढेल ती नाक्यांची, वाड्यांची नव्हे. आणि जमीन तापेल तीही नाक्याभोवतीची.

भारतात ती येईल का, हा प्रश्न मोकळाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा परवानाधारक चालक गृहीत धरूनच रचलेला आहे, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन अशा गाड्यांना आपला विरोध २०२३ सालीही जाहीरपणे सांगितला होता. शिवाय अमेरिकेत टॅक्सीच्या खर्चात चालकाची मजुरी हा मोठा वाटा असतो, म्हणून चालक काढून टाकला की बचत दिसते. आपल्याकडे मजुरी कमी आणि यंत्रे महाग, त्यामुळे हा हिशेब लवकर जुळेल असे दिसत नाही. परंतु जमिनीचा विचार पन्नास वर्षांचा असतो, म्हणून गाडी येण्याची वाट न पाहता तिच्या परिणामांचा विचार आज करणे शहाणपणाचे आहे.

प्रवासाची किंमत तीन नाण्यांत मोजली जाते: पैसा, वेळ आणि शीण. चालकाविना गाडीने वेळ फारसा वाचत नाही, पैसा वाचेलच असे नाही, पण शीण मात्र कमालीचा घटतो, कारण वाटेत झोपता येते, काम करता येते, मुलांचा अभ्यास घेता येतो. माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी सुमारे एक तास देतो आणि वाहन वेगवान झाले की तोच तास ठेवून लांब राहायला जातो, असे निरीक्षण चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडले. पायी चालणाऱ्यांची शहरे म्हणून आटोपशीर होती आणि लोकलने मुंबई कल्याण-विरारच्या पलीकडे गेली. परंतु गाडीत घालवलेला वेळ जर प्रवासाचा वाटेनासाच झाला, तर या एका तासाची वेसणही सैल होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील १३ जणांना आठवडाभरासाठी ६० तास मोफत चालक दिला आणि जणू गाडी आपोआप चालते आहे अशा रीतीने वागू दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मंडळींच्या गाड्यांचे एकूण अंतर ८३ टक्क्यांनी वाढले. लोक लांब गेले, रात्री गेले आणि स्वतः घरी बसून गाडीला एकटीला कामाला धाडू लागले. नमुना अगदी लहान आहे, पण दिशा कळते.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रयोगात नवल वाटू नये, कारण ज्यांच्याकडे पगारी चालक आहे अशी कुटुंबे तो रोजच करत असतात. मुंबईतील असे कुटुंब शुक्रवारी रात्री जेवून गाडीत झोपते आणि शनिवारी पहाटे समुद्राकाठच्या आपल्या दुसऱ्या घरात जागे होते. विनाचालक गाडी ही सोय त्यांच्या खालच्या थराला, म्हणजे स्वतः गाडी चालवून रात्रीचा घाट ओलांडायला धजत नसलेल्या मध्यमवर्गाला मिळवून देईल. मुंबई ते चिपळूण हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर मग आठवड्याला जाण्याजोगे वाटू लागेल.

येथे कोकणाच्या आकाराचा संबंध येतो. सपाट मुलखात शहराची पोहोच दुप्पट झाली की आवाक्यातले क्षेत्र चौपट होते, कारण ते वर्तुळासारखे चहूबाजूंना पसरते. नव्या जमिनीचा पुरवठा इतका वाढतो की भाव काहीसे आटोक्यात राहतात. कोकण ही पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधल्या मोजक्या सपाटीवर भातशेती, आणि नदीकाठी पूररेषा, जिचा विसर २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात चिपळूणला फार महागात पडला. अशा पट्टीत पोहोच दुप्पट झाली तर क्षेत्र जेमतेम दुप्पटच होते, तेही दक्षिणोत्तर एका सरळ रेषेत. मागणी सपाट मुलखासारखीच वाढते, जमीन मात्र चौपटीऐवजी दुप्पटच, असे काहीसे त्रैराशिक होते. मुंबई आणि चिर्ले यांना जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, पण उरण-पनवेल भागात जमिनीची बोली त्याच्या कितीतरी आधीपासून सेतूचे नाव घेऊनच होत होती.

मग घरे कुठे उठतील? किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, निर्बंध १९९१ पासून आहेत. खलाटीत, म्हणजे सखल सपाटीवर, शेती आहे आणि उतारावर आंबा-काजूच्या बागा. राहतो तो सडा. वाड्यांच्या वर पसरलेले जांभ्याचे हे पठार सातबाऱ्यावर बऱ्याचदा ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेले असते आणि त्यामुळे निरुपयोगी समजले जाते. प्रत्यक्षात पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. गुरांचा चारा तिथला, चार महिन्यांची रानफुले तिथली, आणि कोकणातील कातळशिल्पे, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तीही कातळावरचीच. आजवर सडा वाचला तो कायद्यामुळे कमी आणि गैरसोयीमुळे जास्त. तिथून दुकान लांब, शाळा लांब, रात्री-अपरात्री जाणे नको वाटते. विनाचालक गाडी नेमकी हीच गैरसोय पुसून टाकते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवणाऱ्या वाड्या आजही आहेत. त्यांच्या डोक्यावर दोनशे बंगल्यांच्या कूपनलिका बसल्या तर खालच्या विहिरीचे काय होईल, हे सांगायला भूजलतज्ज्ञ लागत नाही.

वाहनतळाबाबत मात्र थोडी चांगली बातमीही संभवते. खासगी मोटार आयुष्यातील सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते आणि उभ्या गाडीलाही जमीन लागते. गणपतीपुळे किंवा गुहागरला सुट्टीच्या दिवशी देवळापासून पुळणीपर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात आणि सुरूच्या बनात चाके घुसतात. प्रवाशांना उतरवून स्वतःहून दूर जाऊन थांबणारी गाडी असेल, तर किनाऱ्यालगतची ही जागा माणसांना परत मिळेल. पण ‘दूर’ म्हणजे कुठे? पुन्हा सड्यावरच, कातळ सपाट करून. शिवाय जाताना रिकामी आणि येताना रिकामी, अशा दोन जादा फेऱ्या त्याच अरुंद रस्त्यावर पडतील. कोकणातल्या रस्त्याला रिकामी गाडी आणि भरलेली गाडी सारखीच रुंदी मागते.

काकीच्या प्रश्नाकडे परत येतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली; वाढण्याऐवजी घटली. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष मुंबईला. म्हणजे गावात उरतात त्या बहुसंख्य स्त्रिया, वृद्ध आणि मुले, ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा चालवू नये. चालकाविना गाडीचा खरा लाभ कोणाला व्हावा असा कोणी नकाशा काढला, तर हा जिल्हा त्यात ठळक दिसेल. अमेरिकेत ऑस्टिन शहरात २०१५ साली एका दृष्टिहीन गृहस्थांनी स्टिअरिंग आणि पेडल नसलेल्या गूगलच्या गाडीतून एकट्याने फेरी मारली, तेव्हा हीच आशा जगासमोर आली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि त्यात वाहतुकीच्या सुगम्यतेचा उल्लेख आहे, पण एसटीच्या पहिल्या पायरीची उंची ज्याने गुडघेदुखीत अनुभवली आहे त्याला कायदा आणि पायरी यांतले अंतर ठाऊक आहे.

तरीही ही आशा सरसकट धरता येत नाही. गाडी स्वतःच्या मालकीची असेल तर ती ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीच पोहोच वाढवते. काकीच्या वाट्याला फार तर रस्त्यावरची वाढलेली गर्दी येते. उलट, तेच तंत्र एसटी महामंडळाने दहा-बारा आसनांच्या छोट्या गाड्यांत वापरले आणि नाका ते वाडी अशा फेऱ्या बोलावल्यावर येणाऱ्या केल्या, तर तिचा दिवसाचा प्रवास अर्ध्या दिवसावर येईल. वस्तीची गाडी ज्या गावात बंद पडते तिथे बहुधा चालक-वाहकाच्या मुक्कामाचा आणि तुटपुंज्या भारमानाचाच प्रश्न असतो. चालक नसलेल्या लहान गाडीला मुक्कामाची खोली लागत नाही. हे दोन मार्ग एकाच यंत्राचे आहेत आणि त्यांचे परिणाम जमिनीवर अगदी उलट पडतात: पहिल्यात सडा विकला जातो, दुसऱ्यात वाडीतले बंद घर उघडे राहण्याची शक्यता वाढते, कारण म्हातारे माणूस गावात निर्धास्त राहू शकले तर मुलगा निवृत्तीनंतर परतण्याचा विचार करतो.

एक गोष्ट दोन्ही मार्गांत सुटते. पाखाडी. शेवटच्या ८४ पायऱ्यांवर कोणतीही गाडी चढणार नाही, आणि रिक्षावाला गेला तर पिशवी कोणी उचलायची? वाहतुकीच्या हिशेबात रिक्षावाल्याची मजुरी हा खर्च म्हणून धरतात. त्याच्या हातची मदत, उधारी आणि चौकशी मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. म्हणून वाडीत गाडी आणायची तर तिच्याबरोबर एक माणूसही, सोबती म्हणून, पगारावर ठेवावा लागेल, आणि तो आजचाच रिक्षावाला का असू नये, असे मला वाटते.

जमिनीच्या बाजूने पाहता बंध घालण्याची साधने आपल्याकडे आहेत: प्रादेशिक आराखडा, शेतजमीन शेतकऱ्यानेच घेण्याची कुळकायद्यातील अट, १९४७ चा तुकडेबंदी कायदा. या सर्वांमध्ये सड्याला मात्र वेगळे नाव नाही. तो पडीक किंवा पोटखराबा. आराखड्यात ‘पाणी मुरण्याचे क्षेत्र’ असा रंग त्याला मिळाला, तर पुढे कोणतेही वाहन आले तरी निदान परवानगीच्या टेबलावर प्रश्न विचारला जाईल. आणि हा रंग भाव चढण्याआधी द्यावा लागतो, कारण त्यानंतर तो देणे कोणत्याही ग्रामसभेला जड जाते.

आमच्या सड्याचा सातबारा सामाईक आहे, एकोणीस नावांचा, त्यातली अकरा मुंबईत. गेल्या दिवाळीत तिथे एक गिऱ्हाईक आले होते. महामार्ग किती मिनिटांवर आहे, वर चारचाकी चढते का आणि मोबाइलला रेंज आहे का, एवढे तीन प्रश्न त्याने विचारले. विहीर कुठे आहे हे काकीने आपणहून सांगितले, ती सड्याच्या खाली, आमच्या परसात आहे.